हा डाव झाला की हाक

२७ एप्रिल २०२५, रविवार

सहाशे बारा जणांत नववा आलो आणि नेटवर्क गेलं.

नववा! पहिल्याला चाळीस हजार होते. साडेचार तास खडकावर बसलो होतो, डोक्यावर ओला दुपट्टा, बुडाखाली तापलेला तवा. गावात एक दांडी येत नाही, फक्त या खडकावर दोन येतात, त्याही मर्जी असली तर. हातात एक्का-राजा. समोरच्यानं सगळ्या चिप्स पुढे सारल्या. मी बोट ठेवतो तर स्क्रीनवर ते गोल चाक फिरायला लागलं. फिरून राहिलं, फिरून राहिलं. अर्ध्या तासानं लागलं तेव्हा दर डावाला सक्तीनं भरायच्या चिप्स आपोआप भरून भरून सगळ्या संपलेल्या. 'आपण नवव्या क्रमांकावर बाहेर पडलात, अभिनंदन.' सोळाशे रुपये. अभिनंदन म्हणे.

दिनेशला फोन केला. नागपूरला आयटीआयच्या होस्टेलात यानंच मला पोकर शिकवला, आता तिथंच एका शोरूममध्ये आहे. म्हणाला, "अबे अतुल्या, टूर्नामेंट तुह्यासाठी नाईच. ते घरी वायफाय असणाऱ्या पोट्ट्यायसाठी हाये. टूर्नामेंटात हरेपर्यंत नाही तं जितेपर्यंत बसा लागते. तू कॅश खेळ. कॅशमंदी कधीबी उठता येते."

कधीबी उठता येते. एवढं एकच वाक्य घेऊन खडकावरून उतरलो.

३० एप्रिल

तीन दिवस तेच डोक्यात. टूर्नामेंट म्हणजे जत्रेतलं तिकीट — एकशेदहा रुपये भरले, हरलो तर तेवढेच गेले. चिप्स नुसते आकडे. आठवडी बाजारासारखं दर रविवारी दुपारी दोनला सुरू, म्हणून आई त्याला 'अतुलचा बाजार' म्हणते. कॅशमध्ये प्रत्येक चिप म्हणजे खरा रुपया. आणि टेबल कायम मांडलेलं. सकाळ नाही, रविवार नाही. केव्हाही बसा, केव्हाही उठा, संपले तर परत घाला.

मी जुगारी नाही हे आधी लिहून ठेवतो. वीस डावांतले सतरा मी पत्ते पाहून फेकून देतो. धीर ही एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. इथं मी सरिताबाईचा पोरगा, नागपूरची नोकरी सोडून आलेला, सत्तावीस वर्षांचा, बिनलग्नाचा. टेबलवर मी 'पळस७७'. तिथं लोक मला पाहून पत्ते फेकतात.

१ मे

जंगलखात्याचा गार्ड आला होता. होळीपासून नाल्याकडं वाघीण आहे, दोन पिल्लं घेऊन. तरी बाया तेंदूपत्त्याला जाणारच. पंधरा दिवसांचा हंगाम, वर्षाचं तेल-मीठ त्यातच निघतं. म्हणून दर टोळीमागे दोन राखणदार. आमच्या मोहल्ल्याच्या टोळीत अकरा बाया, त्यात आई पण. राखणदार मुखरूभाऊ आणि मी. काठी, शिटी, फटाके, आणि एक हिरवं जाकीट ज्यात माझ्यासारखे दोन मावतील.

गार्डनं झाडांना चुन्याचे पट्टे मारले. पट्ट्याच्या पलीकडं जायचं नाही. गेलं आणि काही झालं तर सरकारी मदत मिळणार नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं.

नंतर मुखरूभाऊंनी मला बाजूला घेतलं. चार हंगाम राखण केली आहे त्यांनी.

"वाकलेलं माणूस मोठीले माणूस वाटत नाई," म्हणाले. वाघिणीचं नाव इकडं घेत नाहीत, मोठी म्हणतात. "तिले ते चितळ वाटते. उभं माणूस पाह्यलं का ते हटते. पत्ता तोडाले तं वाकाच लागते बायायले. म्हणून हाक. हाक देली का साऱ्याजणी उभ्या राह्यतीन, एकेक करून ओ देतीन. तू मोजाचं. अकरा झाल्या का मंग त्या वाकतीन."

"किती वेळानं द्यायची?"

"एक बिडी, एक हाक. बिडी विझली का हाक."

"मी बिडी पीत नाही भाऊ."

"मंग तुह्यं तू पाय," म्हणाले आणि हसले.

७ मे

पहिला दिवस. उजाडल्याबरोबर आत. मुखरूभाऊ नाल्याच्या बाजूनं, मी वरच्या बाजूनं. हाक दिली की झुडपांतून अकरा डोकी वर येतात. एकीची ओ बारीक, एकीची खोकल्यासारखी. आई नुसतं "हूं" करते. सगळ्यांत शेवटी धुरपताकाकू. आमच्या घराला लागून तिचं घर, नवरा नाही, ती आणि पोरगी रंजीता दोघीच. मला लहानपणी तिनंच पोहायला शिकवलं — तळ्यात ढकलून. ती ओ देत नाही. कमरेवर हात ठेवून ओरडते, "जित्ती आहो वो बाप्पा!" आणि दहाजणी हसतात.

दुपारी आई पुडे बांधत होती, सत्तर पानांचा एक. म्हणाली, "बाबू, तुह्यी हाक ऐकू आली का बरं वाटते."

९ मे

मुखरूभाऊंना म्हटलं, मी खडकावर उभा राहतो, तिथून सगळं दिसतं. ते म्हणाले, बरोबर आहे. खरंच दिसतं तिथून. खोटं बोललो नाही. पूर्ण खरंही बोललो नाही.

तीन हजार टाकून बसलो. लहान टेबल. पाऊण तासात सहाशे चाळीस वर. आणि उठलो! पैसे घेऊन, मधेच, कोणाला न विचारता. टूर्नामेंटात असं उठता आलं असतं का कधी? दिन्या बरोबर होता.

१२ मे

+१,९००.

माझी बिडी सापडली. एक डाव साधारण एका मिनिटाचा. पाच डाव, एक हाक. मुखरूभाऊंची बिडी कधी ओली असते, कधी वाऱ्यानं लवकर जळते. माझं घड्याळ त्यांच्यापेक्षा पक्कं. हे कोणाला सांगता येत नाही हीच पंचाईत.

१५ मे

−२,१५०. उठता आलं असतं. बसलो.

१६ मे

धुरपताकाकूनं आज खालून मोठ्यानं विचारलं, "कारे अतुल, त्या मोबाईलमंदी बायको हाये का तुही? मान वर नाई करत तू." साऱ्या हसल्या. रंजीता म्हणाली, "आई, त्याचं ऑफिसचं काम असंन." रंजीता बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला वाटतं शिकलेल्या माणसाला काहीतरी काम असतंच.

आई हसली नाही.

मी मोबाईल खिशात घातला. दहा मिनिटं. मग काढला.

१९ मे

आज हाक चुकली. म्हणजे उशीर झाला. हातात गुलामांची जोडी होती आणि पॉट, म्हणजे मधे जमलेला पैसा, मोठा. हा डाव झाला की हाक, म्हणत होतो, तेवढ्यात खालून मुखरूभाऊंनीच दिली. बायांनी त्यांना ओ दिली.

घरी येताना भाऊ माझ्याबरोबर चालले. मग म्हणाले, "आज तुही बिडी लंबी झाली का?"

"नेटवर्क पाहत होतो भाऊ, दिनेशचा फोन येणार होता."

"बायायच्या मनात घडी नसते बाबू. त्या हाकेवर चालतेत. हाक आली नाई म्हंजे अजून टाइम झाला नाई, असं समजून वाकून राह्यतेत. ध्यानात ठेव."

लाज वाटली. खरंच वाटली. डावही हरलो होतो, −३,४००. आता लिहिताना कळत नाही की लाज कशाची जास्त होती. उद्या मोबाईल घरी ठेवीन.

२० मे

मोबाईल घरी ठेवला. पूर्ण सकाळ खडकावर नुसता उभा. दर चार मिनिटांनी हाक. काकू म्हणाली, "आज काऊन एवढा बोंबलते? मरू देशीन का तोडू देशीन?"

सकाळभर मनात एकच — कालचे चौतीसशे.

२१ मे

नेला परत. एकच टेबल लावलं तर मधल्या वेळात डोकं रिकामं राहतं आणि फालतू पत्त्यांवर पैसे टाकतो, ही माझी चूक होती. आज दोन टेबलं लावली. एकावर फेकलं की दुसऱ्यावर पाळी. +१,१००. पाच डावांचं गणित मात्र जमत नाही, कोणत्या टेबलचे पाच? अंदाजानं हाक दिली. ठीक गेलं.

मुखरूभाऊ उद्या नाहीत. चिमूरला साळीच्या पोरीचं लग्न. म्हणाले, "उद्या दोन्ही बाजू तुह्याच. परवा पत्ता घ्याची फळी बंद होते, शेवटचा पत्ता हाये. एक दिवसाचीच गोष्ट."

म्हटलं, "तुम्ही बिनघोर जा भाऊ."

२२ मे

धुरपताकाकू गेली.

२४ मे

दोनदा वही काढली, दोनदा ठेवली. आज लिहितोच. इथं तरी लिहितो.

सहाला आत शिरलो. पहिली हाक दिली, अकरा आल्या. सहा वाजून आठ मिनिटांनी दुसरी. काकूनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, जित्ती आहो वो बाप्पा. मी हसलो. मग दोन्ही टेबलं लावली.

त्यानंतर मी हाक दिली नाही.

एकावर डाव संपला की दुसऱ्यावर माझी पाळी. पंधरा सेकंद देतात विचार करायला. हा डाव झाला की हाक. हा झाला की. हा एवढा. मग दुसऱ्या टेबलवर राण्यांची जोडी आली आणि पुढच्या तीन पत्त्यांत तिसरी राणी. समोरच्यानं सगळे लोटले. मीही लोटले. आणि खालून रंजीता ओरडली, "आई कुठी हाये? आई!"

मोबाईल तिथंच पडला. धावलो. काकूचं पत्त्याचं गाठोडं चुन्याच्या पट्ट्याच्या अलीकडंच, फडक्याची गाठ अर्धवट मारलेली. एक चप्पल. पुढं गवत झोपलेलं, नाल्यापर्यंत आणि नाल्याच्या पलीकडं. बायांना एका जागी उभं केलं, फटाके लावले, काठी घेऊन आत गेलो. भीती वाटली नाही. त्या वेळी वाघीण माझ्यावर आली असती तर बरं झालं असतं असं वाटलं होतं. ती आली नाही, फटाक्यांनी उठून गेली. काकूला मी लुगड्यानं झाकलं. चेहरा चांगला होता.

नऊला रेंज ऑफिसचे साहेब आले, गार्ड आला, पोलीस. साहेबांनी विचारलं, "शेवटची हाक कधी?"

मी म्हटलं, "साडेसहाला."

"सगळ्यांनी ओ दिली?"

"हो साहेब. अकरा."

"धुरपतानं पण?"

"हो. तीच शेवटी. जित्ती आहो म्हणाली."

कोणी विचारलं नव्हतं हे. माझ्या तोंडून आपसूक गेलं. साहेबांनी ते पण लिहून घेतलं. मी सही केली. बाया थोड्या दूर बसल्या होत्या, रंजीताला धरून. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

बायांना वाटत असेल, हाक दिली पण वाऱ्यानं ऐकू आली नाही. वारा होता थोडा.

वारा नव्हता.

२६ मे

मुखरूभाऊ आले चिमूरहून, लग्नातले कपडे अंगावर तसेच. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "मले एवढंच सांग. हाक देली होती ना?"

"हो भाऊ."

"मंग तिचं नशीब," म्हणाले. ओट्यावर बसून रडले. मी गेलोच नसतो तर, मी गेलोच नसतो तर, असं म्हणून राहिले. त्यांच्यासमोर चहा ठेवला. मी पण बसलो. आई आत चुलीजवळ होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

२९ मे

दहाव्याचं सामान आणायला आई पहिल्या एसटीनं गेली. एकटी नाही, टोळीतल्या साऱ्याजणी, रंजीता धरून. एका पिशवीच्या सामानाला दहा बाया! असो, दुःखात बायांना एकमेकींचा आधार लागतो.

संध्याकाळी आली. अंगठ्याला जांभळी शाई. विचारलं तर म्हणाली, "बँकेत."

मला वाढलं. समोर बसली. एरवी ती माझ्यासमोर बसत नाही, कामात असते. म्हणाली, "काई सांगाचं हाये का तुले?"

"कशाचं?"

"मी विचारून राह्यली."

"नाही."

"बरं," म्हणाली. भात वाढला.

३१ मे

काकूचा दहावा. रंजीतानं केस मोकळे सोडले होते. मी पाणी भरलं, खड्डा खणला, पानं लावली. सगळ्यांत जास्त काम मीच केलं.

१७ जून

खाली दुकानात ऐकलं. रिपोर्ट आला. साहेबांनी लिहिलं म्हणे — साडेसहाला बाई पट्ट्याच्या अलीकडं होती, तिनं ओ दिली. सहा त्रेचाळीसला आरडाओरडा. तेरा मिनिटांत वाघीण माणसाला मारून नाल्यापार ओढत नेत नाही. म्हणजे बाई आपल्या पायानं आत गेली, चांगल्या पत्त्याच्या आशेनं. मनाई असलेल्या जागी. मदत थांबवली.

माझे साडेसहा. मी उगाच टाकलेला आकडा. सहा-आठ सांगितलं असतं तर पस्तीस मिनिटं होत होती, सगळं जुळलं असतं.

दुकानात श्रीहरी म्हणत होता, "लोभ वाईट राजा. चार पुड्यासाठी जीव देला बुढीनं." दोघं-तिघं मान हलवत होते. मी साबण घेतला आणि आलो.

काकू लोभी! कोणाच्या बोरीची बोरं न विचारता उचलली नाहीत तिनं आयुष्यात. श्रीहरीचं तोंड फोडावं वाटलं. कोणत्या तोंडानं फोडू?

पुरुषच बोलतात असं. बाया काही बोलत नाहीत. मी विहिरीवर गेलो की असलेलं बोलणंही थांबतं.

२ जुलै

रंजीतानं कॉलेज सोडलं. भाताच्या रोवण्याला जाते, दुसऱ्याच्या बांधीत. दिवसभर वाकून.

११ जुलै

आज ध्यानात आलं — आई मला बाबू म्हणत नाही. कधीपासून? आठवून पाहिलं. हंगामापासून. 'जेव', 'उठ', 'पाणी तापलं' एवढंच. नाव नाही, बाबू नाही.

२७ जुलै, रविवार

दोन वाजता पाय आपोआप खडकाकडं निघाले. अर्ध्या वाटेतून परत आलो. मोबाईलची काच तडकली आहे तेव्हापासून, पण चालतो. ते अॅप उघडलं नाही. काढूनही टाकलं नाही. त्या डावाचं काय झालं मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचं नाही.

साहेबांकडं जाऊन सांगायचं, हे रोज सकाळी ठरतं. आंघोळ होईपर्यंत टिकतं. मग वाटतं — मुखरूभाऊ काय म्हणतील. साहेब राखण बंद करतील, पुढच्या वर्षी जंगलच बंद करतील, सगळ्या गावाचा पत्ता जाईल. केस होईल. आई मरेल लाजेनं. कारणं पुष्कळ आहेत, सगळी चांगली आहेत.

१५ ऑगस्ट

झेंड्यानंतर माझा सत्कार केला! 'जिवाची पर्वा न करता वाघिणीच्या तोंडून मृतदेह सोडवला.' शाल, नारळ. शाळेच्या मैदानावर सगळं गाव. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी वाजवल्या. एका बाजूला टोळीतल्या बाया उभ्या होत्या. त्यांचे हात पदरात.

नारळ घेऊन घरी येताना रंजीता वाटेत थांबली होती. चिखलाचे पाय, बांधीतून आली असावी.

"भाऊ, तुम्ही साहेबाले सांगतलं ना, साडेसहाले आई जित्ती आहो म्हटली म्हणून."

"हो."

"खरंच म्हटली?"

तिनं डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. मी म्हटलं, "हो."

"बरं," म्हणाली.

आईनं म्हटलं होतं तसंच. नारळ घरात ठेवला नाही, तळ्यात टाकला.

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळी मेसेज. सरकारनं पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. 'आपल्या खात्यातील शिल्लक बँकेत परत पाठवली आहे — ₹९,८७०.'

माझे एवढे नव्हते. त्या दिवशी जे काही होतं ते सगळं राण्यांवर लोटलं होतं. म्हणजे जिंकलो. मी गवतातून धावत होतो आणि तिकडं पॉट माझ्याकडं सरकत होता.

खडकावर गेलो. तीन महिन्यांनी. खाली बैल सजवून तोरणाकडं चालले होते, झडत्यांची गाणी ऐकू येत होती. अॅप उघडलं. पैशाची टेबलं गायब, पण जुन्या डावांची यादी होती. २२ मे. सहा वाजून नऊ मिनिटं ते सहा त्रेचाळीस. दोन्ही टेबलं मिळून एकसष्ट डाव. प्रत्येकापुढे सेकंदासकट वेळ. सहा एकोणीस, फेकले. सहा एकोणीस, फेकले. सहा वीस, शंभर टाकले. पंधरा सेकंदांची मुदत असते दर पाळीला आणि पस्तीस मिनिटांत एकदाही माझा वेळ संपलेला नाही. एकदाही नाही. एवढा जागरूक होतो मी.

यातल्या कोणत्या डावात ती गेली? सहा एकवीस? सहा अठ्ठावीस, जिथं मी दोन जोड्यांवर दोनशे चाळीस जिंकले? ती वाकलेली होती, कारण हाक आली नव्हती. हाक आली नाही म्हणजे अजून वेळ झाला नाही, असं समजून.

मी खडकावर ओरडलो. हाक दिली. खाली कोणी नव्हतं, सगळे पोळ्यात.

२४ ऑगस्ट

उद्या सोमवार. रेंज ऑफिस उघडतं. सगळ्या डावांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, अॅप कधी गायब होईल भरवसा नाही. नऊ हजार आठशे सत्तरला हात लावला नाही.

आईला सांगून जावं का? तीनदा चुलीपर्यंत गेलो. ती भाकर थापत होती. तिच्याच टोळीचा राखणदार होतो मी, ती पण वाकलेली होती त्या दिवशी, काकूपासून वीस पावलांवर. हे मी तीन महिन्यांत एकदाही असं समोर धरून पाहिलं नव्हतं. सांगता आलं नाही. परत आल्यावर सांगेन.

२५ ऑगस्ट

साहेबांनी फाइल काढली. माझं बयान सगळ्यांत वर. त्याच्याखाली एक कागद, तारीख २९ मे. कोणाकडून तरी लिहवून घेतलेला. 'सुरुवातीच्या दोन हाकांनंतर राखणदाराची हाक आली नाही. धुरपताबाई पट्ट्याच्या अलीकडेच होती, कुठे गेली नव्हती.' खाली नऊ अंगठे, जांभळे, आणि रंजीताची सही. पहिला अंगठा आईचा.

साहेब म्हणाले, "बायका गोंधळून काहीही सांगतात. राखणदार तुम्ही होते, तुमचं बयान पक्कं, म्हणून ते बाजूला ठेवलं होतं."

नवीन बयान लिहून दिलं. मोबाईल दिला. शेवटच्या एसटीनं आलो.

आई ओट्यावर बसली होती, रंजीता तिच्याजवळ. मी सांगायला तोंड उघडलं. आई म्हणाली, "लय येळ लावला बाबू तुनं."

मग उठून ताट वाढलं.